तीन सुया

मी शूर माणूस नाही, हे आधीच लिहून ठेवतो.
खसबच्या धक्क्यावर एकोणीस वर्षं लाँचची इंजिनं उघडतोय.
नखांतलं ग्रीस बाणकोटला गेलो तेव्हाही निघालं नव्हतं.

हुमैद आला तेव्हा मी चहा गाळत होतो.
"चाचा, तिन्ही लाँचमध्ये डिझेल भर.
चंद्र नसेल त्या रात्री निघू."
कुमझारचा पोरगा, बाविशीतला,
दाढी अजून गालांवर नीट बसलेली नाही.
मागे बैजू, आणि आमचा तल्हा सरगुरोह,
ज्याच्या आईला मी शब्द दिला होता
की नेतोय तसा परत आणीन.

सामुद्रधुनीच्या मधोमध पाहुण्यांचा खांब उभा आहे.
त्याची सावली पडत नाही.
पाहुणे हे नाव आम्हीच ठेवलं, पहिल्या आठवड्यात, चेष्टेनं:
न बोलावता आले, उठायचं नाव नाही.
तसे आम्हीही इथं पाहुणेच,
पासपोर्ट मुदीरच्या कपाटात.
म्हणून असेल, हसू लवकर आटलं.

गॅसची बत्तीस सिलिंडरं दोरीनं एकत्र बांधलेली.
गाठी तल्हाच्या. चांगल्या होत्या. मीच शिकवलेल्या.
हुमैद म्हणाला, चंद्र नसताना खांब झोपतो.
कुणी सांगितलं?
सगळेच म्हणतात.

सगळेच दिब्बालाही म्हणत होते.
तिथून सात होड्या गेल्या.
पाहुण्यांनी कुणाला मारलं नाही.
फक्त ओहोटी लावली,
आणि भरती परत दिलीच नाही.
होड्या मिठात कुशीवर पडल्या, मेलेल्या म्हशींसारख्या.
सुरमई विकणारी मोझा समुद्र शोधायला चालत निघाली,
तिच्यामागे छप्पन्न माणसं.
त्यांच्या पावलांचे ठसे मी पाहिलेत.
जातानाचे.

हे सगळं त्याच रात्री बोलायला हवं होतं.
पण पेटलेल्या पोराला गोष्ट सांगायची
म्हणजे तापल्या तव्यावर शिंतोडा,
चर्र होतं, तवा तसाच.
ते झोपायला गेले.
मी टॉर्च दातांत धरला
आणि एका सिलिंडरची ती तीन म्हातारी इंजिनं उघडली.
प्रत्येकाच्या इंजेक्टरची सुई काढली,
करंगळीएवढी.
खिशात ठेवली. खिसा जड झाला.

ठरल्या रात्री त्यांनी हँडल मारून मारून खांदे उतरवले.
मग हुमैदला कळलं.
माझी कॉलर धरली. भाऊ नेलाय त्याचा पाहुण्यांनी,
त्या मुठीत तो भाऊही होता.
"खाइन," म्हणाला. गद्दार.
तल्हा काहीच बोलला नाही, नुसता थुंकला,
माझ्या चपलेपासून वीतभर लांब.
तेवढं अंतर त्यानं ठेवलं.

मी वही काढली, ग्रीसचे डाग पडलेली.
चांदण्यात खांबावर कुरव बसतात, पिसं साफ करतात,
कधी नऊ, कधी एकोणीस.
अंधाऱ्या रात्री एकही नाही.
दोन वर्षं लिहितोय, एकही नाही.
झोपलेल्याला पाखरू भीत नाही रे.
हुमैदनं वही पाण्यात फेकली.

पावणेतीनला खांब उघडला.
बुंध्यापासून वर, पिकल्या फणसासारखा, आवाज न करता.
आत गरे नव्हते.
आत काय होतं ते चौघांपैकी कुणीही आजवर बोललेलं नाही.
सगळं पाणी त्याच्याकडे बोटभर कललं,
आमच्या तिन्ही लाँच दोरांना ताण देत तिकडे वळल्या.
तो वाट बघत राहिला.
मग मिटला.

आभार कुणी मानले नाहीत, आणि कशाचे मानायचे?
खांब उभाच आहे. दिब्बा कोरडंच आहे.
मी एक मरण पुढे ढकललं, जिंकलो काही नाही.
सुया चहाच्या डब्यात आहेत,
दर शुक्रवारी तेल लावतो, गंज चढू देत नाही.
तल्हा काल नवी वही घेऊन आला.
"चाचा, आज किती बसले?"

हुमैद अजून सलामाला उत्तर देत नाही.
परवा धक्क्याच्या टोकाला बसला होता,
नजर खांबावर, आणि बोटं हलत होती.
मोजत असावा.
की माझ्या नावानं बोटं मोडत होता,
लांबून कळलं नाही.